वजन उतरवायचं आहे: जीवनशैली बदलू की शस्त्रक्रिया करू? निर्णय पायरीपायरीने कसा घ्यावा

माझा त्रास कमी व्हायचा असेल तर माझं वजन किती टक्के उतरायला हवं? लठ्ठपणावरचा उपचार निवडताना सगळ्यात आधी हा प्रश्न विचारावा, असं माझं ठाम मत आहे. प्रत्यक्षात बहुतेकांची सुरुवात वेगळीच होते. कुणी सांगतं, "मनावर घे, तोंडावर ताबा ठेव, सगळं होईल." कुणी सांगतं, "ऑपरेशन करून मोकळा हो." पहिल्या सल्ल्यात माणसाच्या स्वभावावर ठपका ठेवलेला असतो आणि दुसऱ्यात शस्त्रक्रियेनंतरच्या जन्मभराच्या पथ्याचा उल्लेखही नसतो. या दोन्हींच्या कात्रीत सापडलेला माणूस वर्षानुवर्षं काहीच करत नाही. तेवढ्या काळात साखर, रक्तदाब, यकृत, गुडघे यांचं नुकसान मात्र वाढत राहतं.

हा लेख त्या माणसासाठी आणि त्याच्या घरच्यांसाठी आहे. पायऱ्या क्रमाने घ्या. पहिल्या दोन पायऱ्या गाळून थेट शस्त्रक्रियेच्या चौकशीला जाऊ नका, आणि शस्त्रक्रियेची गरज असताना "आणखी एकदा डाएट करून बघतो" म्हणत दोन-तीन वर्षं वायाही घालवू नका.

पायरी पहिली: आजची स्थिती कागदावर मांडा

बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती हे सांगणारा आकडा, काढायला सोपा आहे. किलोमधल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागायचं. उंची १६५ सेंटिमीटर आणि वजन ९२ किलो असेल तर १.६५ गुणिले १.६५ म्हणजे २.७२, आणि ९२ भागिले २.७२ म्हणजे साधारण ३३.८. जागतिक आरोग्य संघटनेच्या मोजमापानुसार २५ च्या वर अतिरिक्त वजन आणि ३० च्या वर लठ्ठपणा. आशियाई वंशाच्या लोकांमध्ये मात्र कमी बीएमआयलाच पोटावर चरबी साठते आणि मधुमेह लवकर गाठतो. म्हणून २००४ साली याच संघटनेच्या तज्ज्ञगटाने आशियाई लोकांसाठी २३ आणि २७.५ या आकड्यांपासूनच सावध व्हावं असं सुचवलं.

कमरेचा घेरही मोजा. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या बरोबर मध्यावर टेप लावायची आणि श्वास सोडल्यावर आकडा बघायचा. आशियाई पुरुषांमध्ये ९० आणि स्त्रियांमध्ये ८० सेंटिमीटरच्या पुढे गेलेला घेर धोक्याचा मानतात. बीएमआयला चरबी आणि स्नायू यांतला फरक कळत नाही, चरबी शरीरात कुठे आहे हेही कळत नाही. ती उणीव घेरामुळे काही अंशी भरून निघते.

मग तपासण्या. उपाशीपोटीची साखर, तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी, लिपिड प्रोफाइल (रक्तातल्या चरबीची तपासणी), यकृत आणि मूत्रपिंडाच्या चाचण्या, थायरॉइड, हिमोग्लोबिन. रक्तदाब मोजताना दंडाच्या मापाचा पट्टा वापरलाय ना, हे बघा. जाड दंडाला लहान पट्टा लावला की आकडा खोटाच जास्त येतो आणि माणसाला नको तेवढ्या गोळ्या सुरू होतात.

झोपेकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं. जोरात घोरणं, झोपेत श्वास अडकल्याचं घरच्यांच्या लक्षात येणं, सकाळी डोकं जड असणं, दिवसा बसल्या जागी पेंगणं, यातलं काही असेल तर स्लीप अ‍ॅप्नियाची तपासणी करून घ्या. हा आजार न ओळखता भूल दिली तर धोका वाढतो, त्यामुळे पुढे शस्त्रक्रिया ठरली तरी ही माहिती लागणारच.

चालू असलेल्या औषधांची यादी डॉक्टरांपुढे ठेवा. इन्शुलिन, मधुमेहाच्या काही जुन्या गोळ्या, स्टिरॉइड, काही मानसिक आजारांवरची आणि फिट्सवरची औषधं यांमुळे वजन वाढू शकतं. अनेकदा पर्यायी औषध उपलब्ध असतं. स्वतःच्या मनाने मात्र एकही गोळी बंद करू नका.

शेवटी स्वतःच्या वजनाचा इतिहास लिहून काढा. वजन कोणत्या वयापासून वाढलं, बाळंतपण, आजारपण, नोकरीची पाळी किंवा एखादा मानसिक धक्का यानंतर वाढलं का, आधी कशाने किती उतरलं, परत किती दिवसांत आलं. ताबा सुटल्यासारखं भराभर खाणं, लपून खाणं, रात्री उठून खाणं असं होत असेल तर तेही लिहा. तो वेगळा आजार असू शकतो, त्यावर उपचार आहेत, आणि तो तसाच ठेवून डाएट केलं काय किंवा शस्त्रक्रिया केली काय, दोन्ही ठिकाणी तो आडवा येतो.

पायरी दुसरी: किती टक्के हवेत ते ठरवा

लग्नात किंवा कॉलेजात असतानाचं वजन हे उद्दिष्ट ठेवू नका. उद्दिष्ट आजाराकडे बघून ठरवा.

साखर आणि ट्रायग्लिसराइड (रक्तातली एक चरबी) यांच्यात वजन ५ टक्के उतरलं तरी फरक दिसायला लागतो. रक्तदाब आणि पीसीओएस या स्त्रियांमधल्या संप्रेरकांच्या विकारातली अनियमित पाळी ५ ते १० टक्क्यांच्या टप्प्यात सुधारते. यकृतातली चरबी आणि सूज हटायला ७ ते १० टक्के लागतात, आणि यकृतात तंतू तयार व्हायला लागले असतील तर १० च्या पुढे जावं लागतं. गुडघेदुखी आणि स्लीप अ‍ॅप्निया यांनाही १० टक्के किंवा त्याहून जास्त घट हवी. टाइप २ मधुमेह औषधांशिवाय आटोक्यात यायचा असेल तर साधारण १५ किलोंची भाषा करावी लागते.

आता समोर कोणत्या उपचाराची किती ताकद आहे ते बघू. नीट आखलेल्या, नियमित पाठपुरावा असलेल्या जीवनशैलीच्या कार्यक्रमातून वर्षभरात सरासरी ५ ते ८ टक्के वजन उतरतं. नवीन इंजेक्शनांनी १५ ते २० टक्के. शस्त्रक्रियेने २५ ते ३० टक्के, आणि त्यातलं बरंचसं वर्षानुवर्षं टिकतं.

मघाच्या ९२ किलोंच्या व्यक्तीला नुकतीच साखरेची सीमारेषा लागली आहे आणि यकृतावर थोडी चरबी आहे, असं धरा. तिला ७ ते ९ किलो उतरवायचे आहेत. हे जीवनशैलीच्या आवाक्यातलं आहे आणि सुरुवात तिथूनच व्हावी. त्याच उंचीच्या दुसऱ्या व्यक्तीचं वजन १२८ किलो आहे, म्हणजे बीएमआय ४७. इन्शुलिन चालू आहे, रात्री श्वासाचं मशीन लावावं लागतं, गुडघ्यांमुळे जिना चढवत नाही. तिचं वजन ८ टक्के उतरलं तर ती ११८ वर येईल. चांगलंच आहे, पण तिचे आजार तेवढ्याने हटणार नाहीत. तिला "अजून जोर लावा" एवढंच सांगणं हा माझ्या मते अन्याय आहे. तिच्या बाबतीत शस्त्रक्रियेचा विषय पहिल्याच भेटीत निघायला हवा.

वजन परत का येतं, हे आधी समजून घ्या

इथे मी थोडा थांबणार आहे, कारण लठ्ठपणाबद्दलची बरीचशी अपराधी भावना या एका अज्ञानातून येते. वजन उतरलं की शरीर त्याला संकट समजतं. चरबी घटल्यामुळे लेप्टिन हे पोट भरल्याचा निरोप देणारं संप्रेरक कमी होतं, भूक चाळवणारं घ्रेलिन वाढतं, आणि शरीर कमी ऊर्जेत काम भागवायला शिकतं. ऑस्ट्रेलियात झालेल्या आणि २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दहा आठवड्यांच्या कडक आहारानंतर सहभागी लोकांची ही संप्रेरकं मोजली. वर्षभराने पुन्हा मोजली तेव्हाही ती पूर्वपदावर आलेली नव्हती आणि लोकांची भूक आधीपेक्षा जास्तच होती. अमेरिकेतल्या वजन घटवण्याच्या एका टीव्ही स्पर्धेतल्या १४ जणांचा अभ्यास २०१६ साली आला. स्पर्धेला सहा वर्षं झाल्यावरही त्यांचं शरीर विश्रांतीच्या अवस्थेत अपेक्षेपेक्षा दिवसाला सुमारे ५०० कॅलरी कमी जाळत होतं.

म्हणजे ज्याचं वजन परत आलं तो आळशी निघाला, असा अर्थ काढायचं कारण नाही. त्याचं शरीर त्याच्याविरुद्ध रोज काम करत होतं. जीवनशैलीतला बदल टिकवायला कायमची यंत्रणा लागते ती यामुळेच. शस्त्रक्रियेचा परिणाम टिकतो त्याचंही मुख्य कारण इथेच आहे. शस्त्रक्रियेने पोट लहान होतं हे खरं, पण त्यासोबत भूक आणि तृप्तीची संप्रेरकंही बदलतात, आणि त्यामुळे कमी खाऊन माणूस सतत भुकेला राहत नाही.

पायरी तिसरी: जीवनशैलीचा प्रयत्न करायचा तर पूर्ण ताकदीने करा

"रोज थोडं चाला आणि गोड कमी करा" हा उपचार नव्हे, ही सूचना झाली. ज्या अभ्यासांत जीवनशैलीने खरोखर परिणाम दिला, तिथे लोकांना वारंवार भेटणारं, हिशेब बघणारं, अडचण ऐकणारं कुणीतरी होतं. पहिल्या सहा महिन्यांत किमान १४ भेटी असाव्यात, असं अमेरिकेतल्या तज्ज्ञसंस्थांच्या २०१३ सालच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये म्हटलं होतं. फोनवरून किंवा गटात झाल्या तरी चालतील, पण ठरलेल्या दिवशी व्हायला हव्यात.

आहारात रोजच्या गरजेपेक्षा ५०० ते ७५० कॅलरींची तूट ठेवायची. कोणत्या नावाचं डाएट, यावर फार डोकं शिणवू नका. जे तुम्हाला दोन वर्षांनीही जमेल, ते तुमच्यासाठी योग्य. काही गोष्टी मात्र सगळ्यांना लागू पडतात. प्रत्येक जेवणात प्रथिनं असावीत, कारण वजन उतरताना चरबीबरोबर स्नायूही झिजतात. भाज्या आणि तंतुमय पदार्थांनी ताटाचा निम्मा भाग भरावा. साखर घातलेली पेयं पूर्ण बंद करावीत. फळांचा रसही त्यातच आला. पातळ कॅलरींनी पोट भरल्याची जाणीव होत नाही, म्हणून एवढ्या एका बदलानेही काही जणांचा काटा हलतो.

पहिले तीन महिने जे खाल ते लिहा. कंटाळवाणं आहे, पण स्वतःची नोंद ठेवणाऱ्यांचं वजन जास्त उतरतं हे पुन्हा पुन्हा दिसून आलं आहे. वजन आठवड्यातून एकदा, ठरावीक दिवशी, सकाळी करा. एकदोन किलोंचा चढउतार पाण्याचा असतो, त्यावरून निराश होऊ नका.

व्यायामाबद्दल स्पष्ट बोलायला हवं. नुसत्या व्यायामाने वजन फारसं उतरत नाही, उतरलेलं वजन टिकवायला मात्र तो फार उपयोगी पडतो. सुरुवातीला आठवड्याला १५० मिनिटं मध्यम वेगाची हालचाल, म्हणजे बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतका वेग. टिकवण्याच्या टप्प्यात हीच वेळ हळूहळू २०० ते ३०० मिनिटांवर न्यायची. आठवड्यातून दोन दिवस स्नायूंना ताण देणारे व्यायाम करायचे. गुडघे दुखत असतील तर पाण्यातला व्यायाम, बसून करायचे व्यायाम किंवा स्थिर सायकल. चालवत नसेल तर चालण्याचाच आग्रह धरू नका.

झोप सात तासांच्या खाली जात असेल तर तीही उपचाराचा भाग समजा.

या मार्गाने काय मिळतं? अमेरिकेत मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या ३,२३४ लोकांवर झालेल्या आणि २००२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ७ टक्के वजन घटवण्याचं आणि आठवड्याला १५० मिनिटांच्या हालचालीचं उद्दिष्ट दिलं होतं. त्या गटात मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं, मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या गोळीच्या गटात ३१ टक्क्यांनी. गोळीपेक्षा सवयी वरचढ ठरल्या. ब्रिटनमधल्या 'डायरेक्ट' चाचणीत मधुमेह होऊन सहा वर्षांच्या आत असलेल्या लोकांना तीन ते पाच महिने दिवसाला सुमारे ८५० कॅलरींचा, नेहमीच्या जेवणाऐवजी घ्यायचा पूर्ण पर्यायी आहार दिला गेला. वर्षभराने त्यांतल्या ४६ टक्के लोकांचा मधुमेह औषधांशिवाय आटोक्यात होता, आणि १५ किलो किंवा जास्त वजन उतरवणाऱ्यांमध्ये हे प्रमाण ८६ टक्के होतं. दोन वर्षांनी ४६ चे ३६ झाले. हा आहार घरी स्वतःच्या बळावर करायचा नाही. साखर आणि रक्तदाबाच्या गोळ्यांचं प्रमाण त्यात लगेच बदलावं लागतं.

दुसरी बाजूही सांगतो. 'लुक अहेड' या ५,१४५ मधुमेही लोकांच्या चाचणीत जीवनशैली गटाचं वजन पहिल्या वर्षी ८.६ टक्के उतरलं. आठव्या वर्षी निम्म्या लोकांनी ५ टक्के किंवा जास्त घट टिकवली होती आणि साधारण चौथाई लोकांनी १० टक्के किंवा जास्त. झोप, हालचाल, औषधांची गरज यांत सुधारणा झाली, पण हृदयविकाराचे झटके आणि पक्षाघात यांचं प्रमाण कमी झालं नाही. मेहनत वाया गेली असं याचं वाचन मी करत नाही. पण वजन आणि आजार दोन्ही पुढच्या टप्प्यावर असतील तर एवढी घट पुरत नाही, हे त्यातून दिसतं.

तीन महिन्यांनी हिशेब करा. मनापासून, पाठपुराव्यासह प्रयत्न होऊनही ५ टक्के गाठले नसतील, किंवा गाठले पण तुमच्या आजाराला १५-२० टक्क्यांची गरज असेल, तर तेच पुन्हा करत बसू नका. पुढच्या उपचाराबद्दल बोला.

मधला मार्ग: औषधं

आज "जीवनशैली की शस्त्रक्रिया" असं दोनच पर्यायांत विचारणं अपुरं आहे. सेमाग्लुटाइडच्या साप्ताहिक इंजेक्शनाने ६८ आठवड्यांत सरासरी १४.९ टक्के वजन उतरल्याचं २०२१ साली दिसलं. टिर्झेपटाइडच्या सगळ्यात मोठ्या मात्रेने ७२ आठवड्यांत २०.९ टक्के, हे २०२२ साली. मळमळ, उलटी, बद्धकोष्ठता हे नेहमीचे त्रास, आणि स्वादुपिंडाला सूज किंवा पित्तखडे हे कमी आढळणारे पण गंभीर. सेमाग्लुटाइड थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनाचा साधारण दोनतृतीयांश भाग परत आला. तेव्हा ही औषधं काही महिन्यांचा कोर्स म्हणून घ्यायची नाहीत. रक्तदाबाच्या गोळीसारखी दीर्घकाळ लागतील असं धरून आर्थिक आणि मानसिक तयारी करा, आणि डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय सुरू करू नका.

पायरी चौथी: शस्त्रक्रिया कुणासाठी, आणि कोणती

१९९१ पासून चालत आलेला निकष असा होता: बीएमआय ४० च्या वर, किंवा ३५ च्या वर आणि सोबत आजार. २०२२ साली वजन घटवण्याच्या शस्त्रक्रियेशी संबंधित अमेरिकन आणि आंतरराष्ट्रीय बेरिअ‍ॅट्रिक संघटनांनी तो बदलला. आता ३५ च्या वर आजार असो वा नसो शस्त्रक्रिया सुचवावी, ३० ते ३५ मध्ये मधुमेहासारखा चयापचयाचा आजार असेल तर विचार करावा, आणि आशियाई लोकांमध्ये २७.५ पासूनच हा पर्याय समोर ठेवावा, असं त्या म्हणतात. निकषात बसणं म्हणजे शस्त्रक्रिया करायलाच हवी असं नाही. दारू किंवा अन्य व्यसन सध्या चालू असेल, मानसिक आजार अस्थिर असेल, जवळच्या काळात गर्भधारणा हवी असेल किंवा शस्त्रक्रियेनंतर नियमित तपासणीला येणं शक्यच नसेल, तर आधी त्या गोष्टी मार्गी लावाव्या लागतात.

सध्या दोन प्रकार जास्त होतात, दोन्ही दुर्बिणीतून. स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमीत जठराचा ७५ ते ८० टक्के भाग कापून काढतात आणि केळ्याच्या आकाराची नळी उरते. घ्रेलिन तयार करणारा मुख्य भागही त्यात जातो, म्हणून भूक कमी होते. आतडी जागेवरच राहतात. काढलेलं जठर परत बसवता येत नाही, आणि छातीतली जळजळ वाढू शकते. गॅस्ट्रिक बायपासमध्ये जठराच्या वरच्या बाजूला सुमारे ३० मिलिलिटरची छोटी पिशवी बनवून ती थेट पुढच्या लहान आतड्याला जोडतात. वजन थोडं जास्त उतरतं आणि मधुमेहावर परिणाम अधिक दिसतो, पण जीवनसत्त्वांची कमतरता, जोडाजवळ अल्सर आणि आतड्याला आतून पीळ पडण्याची शक्यता जास्त. ज्यांना आधीपासून तीव्र आम्लपित्त आणि अन्ननलिकेला सूज आहे, त्यांच्यासाठी बहुधा बायपासच बरी. जठराला पट्टा बांधण्याची जुनी पद्धत आता मागे पडली आहे.

दीर्घकाळाचा सगळ्यात भक्कम पुरावा स्वीडनमधल्या १९८७ साली सुरू झालेल्या अभ्यासातून येतो. शस्त्रक्रिया झालेले २,०१० आणि नेहमीचे उपचार घेणारे २,०३७ लोक त्यात होते. वीस वर्षांनी शस्त्रक्रियेच्या गटाचं वजन सरासरी १८ टक्क्यांनी कमी होतं, दुसऱ्या गटाचं अवघ्या १ टक्क्याने. २०२० साली जाहीर झालेल्या निष्कर्षात शस्त्रक्रियेच्या गटाचं आयुर्मान दुसऱ्या गटापेक्षा सुमारे ३ वर्षांनी जास्त निघालं, तरी सर्वसाधारण लोकसंख्येपेक्षा ते कमीच राहिलं. मधुमेहाबाबत 'स्टॅम्पीड' या १५० जणांच्या चाचणीत पाच वर्षांनी एचबीएवनसी ६ किंवा त्याखाली आणण्याचं उद्दिष्ट बायपासच्या २९ टक्के, स्लीव्हच्या २३ टक्के आणि नुसत्या औषधांवरच्या ५ टक्के लोकांनी गाठलं. म्हणजे शस्त्रक्रिया खूप सरस ठरली, पण "ऑपरेशन केलं की साखर कायमची जाते" हे आश्वासन कुणी देत असेल तर ते खोटं आहे. मधुमेह जितका नवा, आणि इन्शुलिनची गरज जितकी कमी, तितकी आशा जास्त.

धोका किती? अनुभवी केंद्रांत शस्त्रक्रियेमुळे मृत्यूचं प्रमाण हजारात एकाच्या आसपास आहे. टाक्यांतून गळती, रक्तस्राव आणि पायातली रक्ताची गुठळी फुप्फुसात जाणं, या तीन गंभीर गुंतागुंती.

शल्यविशारदाला भेटाल तेव्हा विचारा: माझ्यासाठी हाच प्रकार का? तुम्ही वर्षाला अशा किती शस्त्रक्रिया करता? तुमच्याकडे गळतीचं प्रमाण किती? रात्री-बेरात्री त्रास झाला तर फोन कोण उचलणार? आहारतज्ज्ञ आणि मानसोपचारतज्ज्ञ तुमच्या चमूत आहेत का? पाच वर्षांनी माझी तपासणी कोण करणार? शेवटच्या प्रश्नाला गोलगोल उत्तर मिळालं तर दुसरं केंद्र शोधा.

पायरी पाचवी: शस्त्रक्रियेआधी

तंबाखू आणि धूम्रपान किमान सहा आठवडे आधी बंद. हे कायमचंच बंद ठेवायचं, कारण बायपासनंतर त्याने अल्सर होतो. साधारण दोन आठवडे कमी कॅलरींचा, बहुतेक पातळ आहार देतात. त्याने चरबीने फुगलेलं यकृत आकसतं आणि दुर्बिणीला जागा मिळते. लोह, बी१२, डी जीवनसत्त्व आधीच कमी असेल तर ते भरून घ्या. मधुमेहाची औषधं कधी थांबवायची याचं लेखी वेळापत्रक मागा. साखर लघवीवाटे बाहेर टाकणाऱ्या गोळ्या तीन-चार दिवस आधी बंद कराव्या लागतात, नाहीतर साखर फारशी वाढलेली नसतानाही रक्तात आम्ल साठू शकतं. शस्त्रक्रियेच्या दुसऱ्याच दिवसापासून इन्शुलिनची गरज झपाट्याने घटते. जुनी मात्रा तशीच चालू ठेवली तर साखर धोकादायक खाली जाते.

पायरी सहावी: शस्त्रक्रियेनंतर

पहिले दोन आठवडे पातळ, मग दाट आणि कुस्करलेलं, मग मऊ, आणि साधारण सहा ते आठ आठवड्यांनी नेहमीचं अन्न, पण अगदी थोड्या प्रमाणात. घास लहान, चावणं भरपूर, आणि पोट भरल्याची पहिली जाणीव झाली की थांबायचं. जेवताना पाणी नाही. जेवणानंतर अर्धा तास थांबून घोट घोट प्यायचं. दिवसाला ६० ते ८० ग्रॅम प्रथिनं, आणि ताटातली प्रथिनं आधी संपवायची.

मल्टिव्हिटॅमिन, कॅल्शियम, डी, बी१२ आणि गरजेनुसार लोह आयुष्यभर घ्यायचं. कॅल्शियम आणि लोह यांच्यात किमान दोन तासांचं अंतर ठेवा, एकत्र घेतलं तर लोह नीट शोषलं जात नाही. दोन वर्षांनी "आता बरं वाटतंय" म्हणून गोळ्या सोडणाऱ्यांना काही काळाने मुंग्या येतात, रक्त कमी होतं, हाडं ठिसूळ होतात. म्हणून दरवर्षी रक्ततपासणी.

तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात केस गळतात. घाबरू नका, प्रथिनं पुरेशी असतील तर बहुतेकांचे परत येतात. झपाट्याने वजन उतरताना पित्तखडे होऊ शकतात, त्यासाठी काही डॉक्टर सहा महिने गोळी देतात. कातडी सैल पडते. बायपासनंतर गोड खाल्ल्यावर छातीत धडधड, घाम आणि जुलाब होऊ शकतात. दारू फार लवकर चढते आणि व्यसनाचा धोका वाढतो, म्हणून मी सरळ "नकोच" म्हणेन. गर्भधारणा १२ ते १८ महिने पुढे ढकला. बायपासनंतर गर्भनिरोधक गोळ्यांवर विसंबू नका, दुसरं साधन विचारून घ्या. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्याही टाळायच्या.

पुढची लक्षणं दिसली तर सकाळची वाट बघू नका. पहिल्या काही आठवड्यांत नाडी १२० च्या वर, ताप, डाव्या खांद्यात दुखणं किंवा धाप, हे गळतीचं किंवा गुठळीचं लक्षण असू शकतं. एका पोटरीला सूज आणि दुखणंही तसंच. उलट्या दोन दिवस थांबत नसतील तर बी१ जीवनसत्त्व संपून मेंदूला आणि नसांना कायमची इजा होऊ शकते. अशा वेळी ग्लुकोजची सलाइन लावण्याआधी बी१ द्यायचं असतं, हे तातडीच्या विभागातल्या डॉक्टरांना आवर्जून सांगा. बायपास होऊन कितीही वर्षं झाली असोत, पोटात अचानक पीळ पडल्यासारखं तीव्र दुखलं तर आतडं अडकलेलं असू शकतं. लगेच रुग्णालय गाठा आणि कोणती शस्त्रक्रिया झाली होती ते सांगा. शस्त्रक्रियेच्या नावाची चिठ्ठी पाकिटात कायम असावी.

मनाकडेही लक्ष हवं. वजन उतरल्यावर नाती बदलतात, जेवणातून मिळणारा आधार जातो, आणि काही लोक खोल निराशेत जातात. स्वतःला इजा करून घेण्याचं प्रमाण शस्त्रक्रियेनंतर थोडं वाढतं असं अभ्यासांत आढळलं आहे. घरच्यांनी पहिली दोन-तीन वर्षं याकडे डोळे उघडे ठेवावेत.

वजन पुन्हा वाढायला लागलं तर

वजन साधारण १२ ते १८ महिन्यांत तळ गाठतं, आणि त्यानंतर थोडं परत येणं अपेक्षितच असतं. तळाच्या वजनापासून काटा सतत वर सरकत राहिला तर मात्र लाजून तपासणी टाळू नका. नेमकं हेच घडतं: वजन वाढलं की माणूस डॉक्टरांना तोंड दाखवायचं टाळतो आणि मदत सगळ्यात जास्त हवी असते तेव्हाच ती तुटते. भेटीत आधी खाण्याची नोंद आणि द्रव कॅलरी बघतात, मग नवीन सुरू झालेली औषधं, झोप, मनःस्थिती. गरज वाटली तर दुर्बिणीने किंवा एक्स-रेने जठराची रचना तपासतात. इंजेक्शनांचा उपयोग इथेही होतो. दुसरी शस्त्रक्रिया हा पर्याय असतो, पण तिची जोखीम पहिलीपेक्षा जास्त, म्हणून ती सगळ्यात शेवटी. ज्यांनी जीवनशैलीच्या मार्गाने वजन उतरवलं होतं, त्यांनीही हाच क्रम धरावा: ३ किलो परत आले की भेट ठरवा, १० किलोंची वाट बघू नका.